नऊ एकर माळ : प्रकल्प नोंदी

२६ मे २०२४

वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, माघारी सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं आणि माझं नाव लागलं. जमीन एकूण चौदा एकर. पाच एकर विहिरीखालची, ती भाऊ कसतो. उरलेल्या नऊ एकरांपुढे एकच शब्द आहे : पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. लहानपणापासून घरात हाच शब्द ऐकला. शेळ्या कुठं गेल्या? खराब्यात. पोरं कुठं हुंदडतात? खराब्यात. आज त्या खराब्याची पहिल्यांदा वही-पेन्सिल घेऊन पाहणी केली.

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज, तिथून आत वळलं की आमचं गाव. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याची हद्द आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे.

जे दिसलं ते : वरच्या दोन-अडीच एकरांत वेडी बाभूळ इतकी दाटलीय की वाकूनही आत जाता येत नाही. मधल्या जुन्या चराच्या कडेनं उंदीरमारीची रांग, कधीतरी फुकट रोपं मिळाली म्हणून लावलेली. पश्चिमेच्या उताराला मात्र कुसळी गवताचे वाळलेले झुबके अजून तग धरून आहेत आणि त्यांच्या मधेमधे पवन्या गवतही आहे. दोन हिवर, एक बोर, बरीचशी तरवड. ही राहतील. माती वीतभर, खाली पांढरट मुरूम. एका बाजूला गंजकं काटेरी कुंपण. दक्षिणेच्या कडेवरून विजेच्या तारा जातात.

ठरवलंय ते असं. इथं एकही झाड लावायचं नाही. नको ती काढायची. जमीन नांगरायची नाही, नवे चर खणायचे नाहीत, गवत परत येऊ द्यायचं. माळढोक, काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल ही सगळी उघड्यावर राहणारी मंडळी आहेत. शत्रू लांबून दिसणं हेच त्यांचं संरक्षण. झाडी दाटली की माळ आपल्याला हिरवा दिसतो, पण त्यांचं घर मोडलेलं असतं.

२ जून

तोडीआधी वनविभागाकडे आणि तलाठ्याकडे अर्ज दिला होता. लेखी उत्तर हातात आल्यावरच पहार उचलली.

जेसीबीवाला कालच येऊन गेला. "मॅडम, एका दिवसात सगळं साफ करून देतो." देईलही. पण जेसीबी बाभळीबरोबर वीतभर मातीही उलथून टाकतो. त्या मातीत गवताची जुनी मुळं आहेत, बी आहे. ती गेली की पुढच्या पावसात तिथं गाजरगवत माजणार. म्हणून हातानंच.

वेडी बाभूळ जमिनीबरोबर तोडली तर महिन्याभरात एका खोडाला दहा फांद्या फुटतात. तिचे डोळे असतात ते मुळाच्या मानेवर, जमिनीखाली. म्हणजे फूटभर खोल उकरून तो बुडखा काढावा लागतो. गावातलं एक जोडपं कामाला आहे. पहिल्या दिवशी तिघांनी मिळून अठ्ठावीस बुडखे काढले. माझ्या वाट्याचे त्यात चार. काटा चपलेतून आरपार जातो, उद्यापासून बूट.

शेंगा पिकायच्या आत हे काम उरकायला हवं. शेंग गोड असते. शेळ्या-मेंढ्या ती आवडीनं खातात आणि लेंडीतून बी चार गावं फिरतं.

९ जून

परवा मृग लागला आणि काल पाऊस आला. आज सकाळी मुरमावर मखमली लाल मृगाचे किडे. भाचीनं ओंजळीत घेतले, मग एकेक करून जपून खाली सोडले.

चराच्या पलीकडे कामाला जाणार तेवढ्यात माळटिटवी ओरडत अंगावर आली. थांबलो. दहा मिनिटं शोधलं तेव्हा घरटं दिसलं. घरटं कसलं, खड्यांमधला एक खोलगट ठिपका आणि त्यात चार अंडी. मुरमाचा रंग आणि अंड्यांचा रंग इतका एक की नजर हलवली की पुन्हा शोधावी लागतात. नंतर दुर्बीण लावून लांब बसले. जोडीतला एक पक्षी विहिरीकडे गेला, परत येऊन अंड्यांवर बसला तेव्हा त्याची पोटाखालची पिसं ओली होती. भर उन्हात अंडी गार ठेवायची ही त्यांची रीत.

त्या बाजूचं काम तीन आठवडे बंद. चारी दिशांना पन्नास पावलांवर पांढरे दगड ठेवले.

माळढोकही असाच उघड्या जमिनीवर अंडं घालतो. घरटं बांधत नाही. फरक एवढाच की त्याचं अंडं साधारणपणे एकच असतं आणि तेही वर्षाकाठी एकदा. त्यावर सुमारे चार आठवडे बसायचं. तेवढ्या काळात एखादं कुत्रं, एखादी कोकरांची रांग, एखादा ट्रॅक्टर आला की त्या मादीचं वर्ष संपलं. टिटवीच्या चार अंड्यांसाठी तीन आठवडे थांबताना मला हे फार जवळून कळलं.

१७ जुलै

आषाढी. कामाला कुणी नाही, निम्मं गाव पंढरपुरात. आतापर्यंत दीड एकर मोकळा झालाय.

४ ऑगस्ट

आज एक अवघड बोलणं झालं.

मी शिकवते त्या शाळेत दर पावसाळ्यात वृक्षारोपण असतं. या वर्षी जागा हवी होती आणि कुणीतरी सुचवलं, बाईंचा माळ आहेच. हजार रोपं, दोन बस, पोरांच्या हातात फलक. मला विचारायला आले तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी नाही म्हटलं.

"पर्यावरण शिकवता आणि झाडाला नाही म्हणता?" असं विचारलं गेलं. रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून. उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. सोलापूर म्हणजे कमी पावसाचा, वीतभर मातीचा प्रदेश. इथं हजारो वर्षं जे टिकलं ते गवत. गवताची मुळं जमीन धरून ठेवतात, पाणी मुरवतात, उन्हाळ्यात वरचं वाळलं तरी खाली जिवंत राहतात. इथं झाड असतंच, पण विरळ. हिवर, बोर, ओढ्याला बाभूळ. रांगेनं लावलेलं रान ही माळाची भर नसते, माळाच्या जागी दुसरंच काही येणं असतं. नान्नजच्या माळावरही पूर्वी कडुनिंब आणि उंदीरमारी लावली गेली. हेतू चांगलाच होता. पण माळढोकाला ती झाडी काय कामाची? पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर, मीटरभर उंच, त्याला उडायला धाव लागते आणि चहूकडे नजर लागते.

शेवटी असं ठरलं की रोपं शाळेच्या कुंपणाला आणि गावच्या ओढ्याला लावायची आणि सप्टेंबरमध्ये सातवीचा वर्ग माळ बघायला आणायचा. मला वाटतं हे बरं झालं. पण आपल्या मुलांना आपण हिरवा रंग एवढाच निसर्ग शिकवलाय. पिवळा माळ त्यांना मेलेला वाटतो. ही चूक आम्हा शिक्षकांची आहे, मुलांची नाही.

२५ ऑगस्ट

पाऊस भरपूर. गवत गुडघ्याला टेकलं.

सुतळीनं मीटरभर चौकोन करून बारा ठिकाणी मोजणी केली. पश्चिम उतारावर प्रत्येक चौकोनात कुसळी, सातांत पवन्या, दोनांत मारवेल. बाभूळ काढलेल्या जागी अजून उघडा मुरूम, तरोटा आणि थोडं गाजरगवत. ते फुलायच्या आत उपटलं.

दुपारी आप्पा आले. साठी ओलांडलेले, दोनशे मेंढरं, चार कुत्री. त्यांचा कळप कित्येक वर्षं याच माळावर चरतो, आण्णांनी कधी अडवलं नाही. मीही अडवणार नाही, पण बोलणं व्हायला हवं होतं. हिवराखाली बसलो.

मी म्हटलं, "आप्पा, गवताचं बी पडेपर्यंत थांबाल का? दिवाळीनंतर तुमचंच आहे."

"बी पडंस्तोवर कुसळीनं मेंढराची तोंडं सोलत्यात, बाई. लोकरीत घुसून कातड्यापत्तुर जातंय."

त्यांचं खरं होतं. हे मला पुस्तकात सापडलं नसतं. मग असं ठरलं : कुसळीचा उतार सप्टेंबरच्या आत, कुसळं धरायच्या आधी, एकदा हलका चरून घ्यायचा. पवन्या आणि मारवेलीची पट्टी दिवाळीपर्यंत तशीच सोडायची. त्यानंतर सकाळच्या वेळी मेंढरं, आणि गवत पोटरीइतकं राहिलं की पुढं हलायचं. चराई पूर्ण बंद केली तर गवत एकमेकांवर पडून कुजतं, दाट होतं, मग त्यात काळवीटही शिरत नाही. अती चरलं तर कुसळीशिवाय काही उरत नाही. मधलं माप आप्पांच्या डोळ्यांत आहे, माझ्या चौकोनात नाही.

कुत्र्यांचं विचारलं. तित्तराची पिल्लं, सशाची पिल्लं, टिटवीची अंडी, काही सोडत नाहीत. आप्पा म्हणाले, दोन तरण्या कुत्र्यांच्या गळ्यात लोढणं बांधतो. म्हातारी दोन तशीही पळत नाहीत.

उठता उठता त्यांना माळढोकाचं विचारलं. नाव ऐकून थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हूम म्हण की." आणि सांगू लागले. "बहात्तरचा दुष्काळ. मी धा वर्साचा आसंन. आयसंगं खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची. पलीकडच्या माळाला हूम हुबा ऱ्हायचा, मेंढराएवढा. गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा. लांबनं ऐकू यायचं, हूम. आमी पोरं त्येच्यासारखं घुमायचो." असं म्हणून त्यांनी तो आवाज काढला. मेंढरांनी माना वर केल्या.

८ सप्टेंबर

गौरी-गणपतीसाठी गावी. रात्री भावाशी बोलणं झालं.

सोलरवाले दोनदा येऊन गेलेत. नऊ एकर भाडेपट्ट्यानं हवेत. पाऊस पडो न पडो, वर्षाला ठरलेले पैसे. भाऊ म्हणाला, "ताई, तू पगारावर हायस. मी द्राक्षावर. एक गारपीट आली की माझं वर्ष गेलं." सोनाका द्राक्ष याच नान्नजच्या मातीत पुढं आलं, त्यानं कितीतरी घरं उभी केली, पण त्याच द्राक्षानं किती कर्जं वाढवली तेही आम्ही दोघांनी पाहिलंय. मला त्याच्यापुढे उत्तर नव्हतं.

मग आण्णांचा विषय निघाला. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळावरचा हा पक्षी लोकांच्या नजरेस आणला, पाठपुरावा केला. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि त्याची हद्द धरली ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर मिळून. त्या रेघेच्या आत गावं आली, बाजारपेठा आल्या, विहिरी, उसाचे फड, लोकांचे सातबारे आले. आण्णांना या खराब्याचा एक तुकडा बहिणीच्या लग्नासाठी विकायचा होता. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तीन वर्षं हेलपाटे घातले, परवानगी मिळाली नाही. पुढे हद्द आवळून १,२२२ चौरस किलोमीटरवर आली, तोवर आण्णा थकले होते. माळढोकाचं नाव काढलं की ते जेवणावरून उठायचे. "त्या पाखराला सातबारा दिला, मला नाही दिला," हे त्यांचं वाक्य आम्हा दोघांना पाठ आहे.

मी माळढोकावर जीव टाकते आणि माझ्या बापाचा त्या नावावर राग होता. दोन्ही खरं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या डॉ. असद रहमानींनी ऐंशीच्या दशकात याच माळांवर राहून माळढोकाचा अभ्यास केला. त्यामुळे तो काय खातो, कुठं घुमतो, अंडं कुठं घालतो हे आपल्याला ठाऊक आहे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, सगळं चालतं त्याला. ज्वारी-भुईमुगाची कोरडवाहू शेती आणि मधेमधे माळ, हा त्याचा संसार. मालदांडी ज्वारीच्या जागी ऊस आला तेव्हा तो गेला. हा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकून जो पक्षी वाचवायला निघेल त्याला गावात पाणीही विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

भावानं तीन पावसाळे दिले. त्याबदल्यात दिवाळीनंतर कापलेल्या गवताचा निम्मा चारा त्याच्या दोन म्हशींना, आणि तीन वर्षं त्याच्या पीकविम्याचा हप्ता मी भरायचा. लिहून घेतलं नाही. भावजयीसमोर बोललो, तेवढं पुरे आहे.

२० ऑक्टोबर

बी गोळा करायचे दिवस. अभयारण्यातून काडीही उचलायची नाही, म्हणून बांध, रस्त्याच्या कडा आणि ओळखीच्यांची शेतं. मारवेल बांधावर चांगली मिळते. तिचे ठोंबही विचारून ठेवलेत, पावसाच्या तोंडावर लावायला. पवन्याचं बी हलकं, पिसासारखं. फेकलं तर वाऱ्यानं शेजारच्या तालुक्यात जाईल. माती आणि शेणखतात कालवून लिंबाएवढे गोळे करायचे आणि जूनच्या आधी टाकायचे.

संध्याकाळी ओट्यावर बसून कुसळं सोडवत होते. साडीच्या काठात पन्नास तरी अडकली होती. भाचीला एक गंमत दाखवली. तळहातावर कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला. वाळलेलं, पीळ पडलेलं कुसळ हळूहळू गरगर फिरू लागलं. पावसात जमिनीवर पडलेलं बी असंच फिरत फिरत स्वतःला मातीत रोवून घेतं. कुणी पेरायची गरज नाही. कोरडं पडलं की उलटं फिरतं, पुन्हा ओल आली की पुन्हा आत. भाची किती तरी वेळ थेंब टाकत बसली. ज्या गवताला आपण शिव्या देतो त्याच्या अंगात हे एवढं कसब आहे.

७ नोव्हेंबर, नलिया (कच्छ)

दिवाळीच्या सुट्टीत कच्छला आले, मुद्दाम अबडासा तालुक्यापर्यंत. इथल्या माळढोकाला घोराड म्हणतात, राजस्थानात गोडावण. इथलं अभयारण्य १९९२ मध्ये जाहीर झालं, आकारानं अवघं दोन चौरस किलोमीटर. आमच्या कागदावरच्या १,२२२ पुढे हा ठिपकाच. आणि समुद्र जवळ. जखौच्या बाजूला मिठागरं, खारफुटी, उथळ पाण्यात रोहित पक्षी. तिथून आत वळलं की गवत. डोळे मिटून उभी राहिले तर पायाखाली नान्नजचा माळ वाटला, फक्त वाऱ्याला खारट वास.

घोराड दिसला नाही. दिसेल असं मनात धरून आलेही नव्हते. गेली काही वर्षं इथं नर उरलेला नाही, मोजक्या माद्या आहेत. अंडं घातलं तरी त्यातून पिल्लू यायचं कसं? गाडी चालवणारे काका म्हणाले, पूर्वी शेतातून जाताना सहज दिसायचा. आप्पांचंच वाक्य, दुसऱ्या भाषेत.

दिसल्या त्या तारा. पवनचक्क्या आणि त्यांना जोडणाऱ्या विजेच्या ओळी क्षितिजापर्यंत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. उडताना तो खाली जमीन न्याहाळतो. तार दिसते तेव्हा इतकं जड शरीर वळवायला वेळ राहिलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या या पक्ष्याच्या क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवीच आहे, हे मला कळतं. माझ्या भावाच्या दारातही तोच प्रश्न उभा आहे. पण उघडा माळ दिसला की तो रिकामा आहे असं धरून चालायचं, ही सवय मोडल्याशिवाय यातून वाट निघणार नाही.

साऱ्या जगात हे पक्षी दीडशेपेक्षा कमी उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. २०११ पासून त्यांची गणना अतिसंकटग्रस्तांत होते. नान्नजला आता अधूनमधून एखादा दिसला तर बातमी होते. मग मी नऊ एकर कुणासाठी राखतेय, हा प्रश्न भावानं विचारला नाही, पण त्याच्या मनात असणार. माझं उत्तर जैसलमेरजवळच्या समला आहे. तिथं २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतात. उद्या ती पिल्लं सोडायची म्हटली तर सोडणार कुठं? पिंजऱ्यात पक्षी वाढवता येतो, माळ वाढवता येत नाही. तो जागच्या जागीच राखावा लागतो, आणि पक्षी यायच्या आधी राखावा लागतो.

२४ नोव्हेंबर

भोवत्ये, माळावरचे शिकारी पक्षी, आले. पांढुरक्या भोवत्याचा एक नर सूर्य मावळताना पश्चिम उतारावरून इतका खालून गेला की पंखांनी गवत हललं. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतात आणि रात्री माळावर जमिनीवरच निजतात. नाकतोड्यांवर ताव मारतात म्हणून शेतकऱ्याचेही मित्र. सहा मोजले.

आप्पांची मेंढरं पवन्याच्या पट्टीत. ठरल्याप्रमाणे पोटरीइतकं गवत सोडून चौथ्या दिवशी हलली.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं घर रानात. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप (छोटी खोपी), पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. नोकरीमुळे कित्येक वर्षं चुकली होती.

जेवणं चालू असतानाच आप्पांचा मुलगा सांगत आला की पहाटे लांडग्यानं दोन मेंढरं मारली, एक नेलं. उठून गेलो. मेलेल्या मेंढराशेजारी आप्पा बसलेले. चिखलात पाऊलखुणा स्पष्ट होत्या, निदान दोन जनावरांच्या. मला आधी आनंद झाला, लांडगा माझ्या माळावर आला म्हणून, आणि दुसऱ्याच क्षणी आप्पांचा चेहरा पाहून स्वतःची शरम वाटली. पंधरा-वीस हजारांचं जनावर गेलं होतं.

वनरक्षकाला फोन केला, पंचनामा होईपर्यंत धड हलवायचं नाही असं सांगितलं. नुकसानभरपाई मिळते, पण फोटो, पंचनामा, अर्ज सगळं वेळेत व्हावं लागतं आणि कळपाबरोबर फिरणाऱ्या माणसाला नेमका तोच वेळ नसतो. भरपाई उशिरा आली की त्या कुजलेल्या धडावर विष टाकलं जातं. तेव्हा लांडग्याबरोबर गिधाडं, खोकड, कोल्हे सगळेच जातात. मी अर्ज तिथंच बसून लिहिला, आप्पांनी अंगठा दिला.

"मारायचा इचार न्हाई आला का?" भावानं त्यांना विचारलं.

आप्पा म्हणाले, "माझा बा बी ह्येच माळावर मेंढरं राखायचा. त्येचीबी न्यायचा. वाघरात झोप लागली ही चूक माझी हाय."

वाघर म्हणजे कळपाभोवती रात्री लावायचं जाळं. ते दोन ठिकाणी फाटलं होतं. नवं वाघर माझ्याकडून, हे मी त्यांना न विचारता ठरवून टाकलं.

१४ जानेवारी २०२५

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत सगळे. मजूर नाहीत. वणवा अडवायची पूर्वेची जाळरेषा पुढच्या आठवड्यात काढू.

२३ फेब्रुवारी

दोन एकर जळाले.

दुपारी दोनच्या सुमारास रस्त्याकडून धूर दिसला असं भाऊ सांगतो. बिडी असेल, काडी असेल, कळायला मार्ग नाही. मी शाळेत होते. पोचले तेव्हा भाऊ, आप्पा, ते बाभळी काढणारं जोडपं आणि गावातली सात-आठ माणसं ओल्या तरवडीच्या फांद्या घेऊन आग बडवत होती. पश्चिमेला आणि उत्तरेला तीन मीटर रुंद जाळरेषा काढलेली होती, तिथं आग येऊन थांबली. पूर्वेला रेषा नव्हती. जानेवारीत काढणार होते ती. मग शाळेची तपासणी, मग सहावीच्या वह्या, मग राहिली. आग पूर्वेकडूनच आली.

मारवेलीची पट्टी पूर्ण गेली. एक सांगाडा सापडला, तित्तराचा असावा. भावाचे दोन्ही हात भाजलेत. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यानं विचारावं अशी मी वाट बघत होते.

९ मार्च

राख वाऱ्यानं उडाली, काळी जमीन. कुसळीला आग मानवते, तिचीच फूट आधी येणार. म्हणून जळालेल्या भागात मारवेलीचे ठोंब दुप्पट लावायचे.

दक्षिणेच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या बसवा म्हणून दिलेल्या अर्जाचं उत्तर नाही. दुसरा अर्ज दिला, सोबत तारेखाली सापडलेल्या बगळ्याचा फोटो.

भावाच्या हातांचं ड्रेसिंग सुटलं.

१ जून

या वर्षी मृगाची वाट बघावी लागली नाही. मे महिन्यातच पाऊस कोसळला, मुरमाच्या खळग्यांत पाणी साचलं. माझं वेळापत्रक कोलमडलं. गोळे निम्मेच झाले होते. जेवढे होते तेवढे शाळेच्या सातवीतून आठवीत गेलेल्या अकरा मुलांनी एका सकाळी टाकले. उरलेलं बी पुढच्या उघडिपीला. मारवेलीचे चारशे ठोंब लागले, पूर्वेच्या बाजूला.

गेल्या वर्षी काढलेल्या बुडख्यांची तपासणी : पहिल्या पंधरवड्यात काढलेल्यांपैकी दर पाचातला एक पुन्हा फुटलाय. तेव्हा आम्ही पुरेसं खोल जात नव्हतो. जुलैनंतरचे जवळपास सगळे मेलेत. म्हणजे फूटभर म्हणजे फूटभरच, आठ बोटं नव्हे.

माळटिटवीचं एक घरटं पाण्यात वाहून गेलं. दुसरं, जरा उंचावरचं, शाबूत आहे. तीन अंडी. ते मला भावानं दाखवलं. भोवती पांढरे दगड आधीच ठेवलेले होते, फक्त त्यानं पन्नास पावलांऐवजी तीस पावलांवर ठेवलेत. मी काही बोलले नाही, जाताना वीस पावलं मागं सरकवले.

त्यानं दिलेल्यातले अजून दोन पावसाळे आहेत. सोलरवाल्यांचा फोन परवाही येऊन गेला.

पूर्वेची जाळरेषा या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलीय. उद्यापासून फुटलेल्या बुडख्यांची दुसरी फेरी. पहार आणि टिकाव ओट्यावर काढून ठेवलेत.